‘आपला’ पशू

नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायातील दहावे वचन मराठीत आणताना माझी लेखणी तीन ठिकाणी अडली. वचन लहान आहे. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो, असा त्याचा आशय आपण संडे स्कूलच्या वयापासून ऐकत आलो आहोत. परंतु इब्री मजकूर समोर घेऊन बसले म्हणजे ध्यानात येते, की तेथील क्रियापद ‘काळजी वाहणे’ हे नव्हे. ते ‘यादा’ म्हणजे ‘जाणणे’ हे आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात आदामाने आपल्या स्त्रीला जाणले असे म्हटले आहे, तेथे हेच क्रियापद येते. नीतिमान मनुष्य पशूचा ‘नेफेश’ जाणतो. म्हणजे त्याचा श्वास, त्याची भूक, त्याचे भय जाणतो. ही पहिली अडचण. दुसरी अडचण त्याहून बारीक आहे. तो पशू ‘त्याचा’ आहे. पशुवाचक शब्दाच्या शेवटी लागलेला एक ओकार एवढे सांगून जातो. ज्याचे कोणीच धनी नाही अशा जनावराविषयी हे वचन बोलते की नाही? आणि तिसरी अडचण उत्तरार्धाची. तेथे दुर्जनांच्या करुणेलाच क्रूर म्हटले आहे. करुणा आणि क्रूर! मराठीत हे दोन शब्द शेजारी ठेवले की वाचकाला छपाईची चूक वाटावी.

या अडचणी मला कित्येक दिवस केवळ भाषांतरकाराच्या, म्हणजे कागदावरच्या, वाटत होत्या. मग आमच्या घरी भुरीचा प्रश्न उभा राहिला.

मी रायपूर शहरातील पंडरी या भागात राहतो. पंडरी म्हटले की छत्तीसगढातील लोकांना दोन गोष्टी आठवतात : एक कापडाचा मोठा बाजार आणि दुसरे जुने बसस्थानक. हे बसस्थानक गजबजलेले होते तेव्हा भल्या पहाटे गाड्यांचे भोंगे सुरू होत, चहाच्या टपऱ्या पेटत, आणि प्रवाशांच्या द्रोणांत उरलेल्या पोह्यांवर, समोशांच्या तुकड्यांवर कुत्र्यांची एक अख्खी वसाहत सुखाने जगत असे. २०२१ साली बसस्थानक भाठागावला हलले. प्रवासी गाड्यांबरोबर गेले. टपरीवाल्यांपैकी ज्यांना जमले तेही गेले. कुत्र्यांना मात्र कोणी स्थलांतराची सूचना दिलेली नव्हती. ती काही दिवस रिकाम्या फलाटांवर वाट पाहत बसली आणि मग हळूहळू आमच्या गल्ल्यांत शिरली. थंडीच्या दिवसांत कापडाच्या गाठींचे टाकून दिलेले गोणपाट हे त्यांचे अंथरूण असते. त्यांतलीच एक भुरी. रंग मातकट, एक कान उभा व एक पडलेला, वय पशुवैद्याच्या अंदाजाने चार वर्षे.

माझी धाकटी मुलगी जर्मनीत एका वृद्धाश्रमात परिचारिका आहे. गेल्या नाताळात ती महिनाभराच्या रजेवर घरी आली. तिच्या येण्याच्या तिसऱ्याच दिवशी एका दुचाकीने भुरीचा मागला पाय दुखावला. मुलीने जखम धुतली, पट्टी बांधली, आठ दिवस तिला पडवीत ठेवले. नवव्या दिवशी जेवताना ती म्हणाली, “पप्पा, हिला मी माझ्याकडे नेणार.”

मी हसलो. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसणे थांबवले.

तिने सर्व चौकशी आधीच केली होती. प्रथम कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळखीची चिप बसवायची. त्यानंतर रेबीजची लस. लसीनंतर किमान तीस दिवस थांबून रक्ताचा नमुना घ्यायचा व तो युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा. रक्तात लसीचा प्रभाव ठरावीक प्रमाणात उतरलेला दिसला तरी नमुना घेतल्या दिवसापासून तीन महिने कुत्र्याने भारतातच काढायचे. कारण रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघ ज्या देशांवर विश्वास ठेवतो त्यांच्या यादीत आपला देश नाही. नंतर केंद्र सरकारच्या पशु-संगरोध कार्यालयाचा दाखला, आणि ते कार्यालय रायपुरात नसल्यामुळे दिल्लीची किंवा मुंबईची वारी. शेवटी पिंजरा आणि विमानाचे भाडे. म्हणजे सारे सुरळीत झाले तरी चार महिन्यांहून अधिक काळ भुरी आमच्याकडे, आणि मुलगी तर जानेवारीत परत जाणार. एकूण खर्चाचा आकडा मी येथे लिहीत नाही. माझ्या काही महिन्यांच्या मानधनाएवढा तो होता एवढे पुरे.

मी विरोध केला. माझा विरोध चांगला तर्कशुद्ध होता. मी म्हणालो, एवढ्या पैशात या मोहल्ल्यातील सगळ्या कुत्र्यांना लस टोचून होईल, कित्येकांची नसबंदी होईल. एका कुत्रीला सात समुद्रांपलीकडे नेऊन गादीवर निजवायचे आणि तिच्या भावंडांना येथे गोणपाटावर ठेवायचे, हा कोणता न्याय? ही करुणा नव्हे, ही हौस आहे. असे बरेच काही मी बोललो. मुलगी खाली मान घालून ऐकत होती. माझी पत्नी ताटे उचलता उचलता म्हणाली, “मग त्या बाकीच्या कुत्र्यांना लस कोण टोचणार होतं? तुम्ही?”

वाचकहो, रात्री मला झोप लागली नाही, कारण हा माझा युक्तिवाद मी कोठे तरी वाचलेला होता. मार्काच्या चौदाव्या अध्यायात बेथानीच्या घरी एक स्त्री मोलवान सुगंधी तेलाची कुपी फोडते, आणि तेथे बसलेले काही जण कुरकुरतात, की हे तेल तीनशे दिनारांना विकून पैसे गरिबांना देता आले असते. हिशेब अचूक आहे. तीनशे दिनार म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. प्रभू त्यांचा हिशेब खोडून काढत नाही. तो फक्त सांगतो की गरीब सदैव तुमच्याजवळ आहेत. आणि मार्क येथे असा एक तुकडा नोंदवतो की जो मत्तय व योहान देत नाहीत : तुम्हांला वाटेल तेव्हा तुम्ही त्यांचे भले करू शकता. ‘वाटेल तेव्हा’. मला या मोहल्ल्यात येऊन बावीस वर्षे झाली. या बावीस वर्षांत एकाही कुत्र्याला लस टोचावी असे मला कधी वाटले नव्हते. मुलीने एकीसाठी कुपी फोडायला घेतली तेव्हा मला बाकीच्यांची आठवण झाली. ज्यांच्या नावाने मी तिला अडवत होतो त्यांची नावेही मला ठाऊक नव्हती, जरी गल्लीतील मुलांनी प्रत्येकाला नाव ठेवलेले होते.

म्हणून मी विरोध मागे घेतला. पण विरोध मागे घेणे म्हणजे प्रश्न सुटणे नव्हे, हे पुढे लवकरच कळले.

भुरीसारखी कुत्री परदेशी जाणे ही काही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. २०२३ साली वाराणसीच्या रस्त्यावरील जया नावाची एक कुत्री नेदरलंडला गेली, त्याची बातमी देशभर छापून आली होती. तेथील एक प्रवासी स्त्री काशी पाहण्यास आली असता हे जनावर तिच्या मागे लागले; तिने आपला मुक्काम लांबवला, कागदपत्रे होईपर्यंत ती थांबली, आणि त्याला घेऊनच गेली. भारतातील पदयात्रेत बौद्ध भिक्षूंच्या मागे लागलेला आलोक नावाचा आपल्याकडचा एक रस्त्यावरचा कुत्रा तर २०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील फोर्ट वर्थहून निघालेल्या त्यांच्या शांतियात्रेत चालताना जगाने पाहिला. दिल्ली-मुंबईच्या प्राणिमित्र संस्थांकडून अशी जनावरे बरीच वर्षे बाहेर जात आली आहेत.

त्याच वेळी दारे बंदही होत आहेत. कॅनडाने २८ सप्टेंबर २०२२ पासून रेबीजचा मोठा धोका असलेल्या देशांतून विक्रीसाठी किंवा दत्तक देण्यासाठी कुत्री आणण्यास मनाई केली. त्या देशांत भारत आहे. अमेरिकेने २०२१ च्या जुलैत अशा देशांतील कुत्र्यांचा प्रवेश स्थगित केला आणि १ ऑगस्ट २०२४ पासून नवे, कडक नियम लागू केले. २०२१ च्या जूनमध्ये अझरबैजानहून तेथे नेलेल्या सुटका केलेल्या कुत्र्यांपैकी एकाला रेबीज झाल्याचे आढळले होते. म्हणजे एकाच्या सुटकेसाठी निघालेली माणसे पुष्कळांच्या घरी मृत्यू घेऊन जाऊ शकतात. हा रोग एकदा लक्षणांनिशी प्रकट झाला की वाचणे जवळजवळ अशक्य. जगात त्याने दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे मरतात असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना देत आली आहे, आणि मरणाऱ्यांत मुलांचा वाटा मोठा असतो. ज्या करुणेला हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक करून घ्यावयाचे नाही, ती करुणा नीतिसूत्रांच्या उत्तरार्धात जाऊन बसते, असे मला आता वाटू लागले आहे. तीस दिवस आणि तीन महिने थांबायला लावणारा तो नियम मला आधी सरकारी छळ वाटला होता. आता तो जाणण्याचाच एक प्रकार वाटतो.

आता मी ज्या गोष्टीकडे येत आहे ती लिहिणे मला सोपे नाही.

मुलगी परत गेली. भुरीला चिप बसली, लस झाली, ती आमच्या पडवीत राहू लागली. फेब्रुवारीतील एका संध्याकाळी आमच्या शेजाऱ्यांचा सात वर्षांचा नातू शिकवणीहून परत येत असताना त्याला कुत्रा चावला. भुरी नव्हे, काळ्या रंगाचा, गल्लीच्या तोंडाशी बसणारा दुसरा कुत्रा. पोटरीचा लचका निघाला. जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी लागते हे मला मुलीमुळे माहीत झाले होते, म्हणून मी धावलो. मग रुग्णालय, जखमेत टोचावयाचे औषध, लसीची पहिली सुई, आणि पुढे तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा. मुलगा सुईला रडला नाही. तो आता गल्लीतून चालायला रडतो.

त्याचे आजोबा कापडाचे व्यापारी आहेत. भला माणूस. कोविडच्या दिवसांत त्यांनी आमच्या घरी औषधे पोहोचवली होती. रुग्णालयातून परतल्यावर आमच्या फाटकाशी ते थांबले आणि पडवीतल्या भुरीकडे पाहून म्हणाले, “भाऊसाहेब, तुमची कुत्री विमानाने जर्मनीला जाणार. आमच्या पोराने कुठे जायचे?”

मी उत्तर देऊ शकलो नाही. अजूनही देऊ शकत नाही. हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशभरात कुत्रे चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली व आसपासच्या भागातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवावीत असा आदेश दिला. पुढे २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो सौम्य करून, नसबंदी व लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे सांगितले. आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा जागांवरील कुत्री तेथून हलवावीत व पुन्हा तेथे आणू नयेत असा आदेश झाला. आमच्या मोहल्ल्यात त्यावरून एक चर्चा रंगली होती : ज्या बसस्थानकातून बसच गेल्या ते अजून बसस्थानक आहे काय? माणसे हसत होती. कुत्र्यांच्या बाबतीत तो जीवनमरणाचा प्रश्न होता.

हा वाद जुना आहे. ६ जून १८३२ रोजी मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगल पेटली. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी बांधव रस्त्यावर उतरले, दुकाने बंद झाली, शेवटी फौज आणावी लागली. पुढे दीडशेहून अधिक वर्षे आपल्या शहरांत कुत्री मारण्याची रीत चालूच राहिली, आणि कुत्री काही कमी झाली नाहीत. २००१ च्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदीचा मार्ग घालून दिला. २०२३ च्या नियमांनी आणखी एक पाऊल टाकले. त्यांत रस्त्यावरील कुत्र्याला भटका न म्हणता समुदायाचा पशू म्हटले आहे, आणि ज्या जागेवरून त्याला उचलले तेथेच त्याला परत सोडावयाचे आहे. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून त्याच्या कानाला एक खाच पाडतात. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात जो दास आपल्या धन्यावरील प्रेमामुळे मुक्त होऊन जाणे नाकारतो, त्याचा कान दाराशी टोचला जातो; खाच पडलेला कान पाहिला की मला ते आठवते. असो.

भाषांतरकार म्हणून मला ‘समुदायाचा पशू’ या शब्दांनी थांबवले. इब्री ओकाराने जे केले तेच हा कायदा करू पाहतो. तो म्हणतो, हा पशू कोणाचा नाही असे नाही. तो तुमच्या गल्लीचा आहे. परंतु ज्याला समुदायाचे म्हणतात ते आपल्याकडे बहुधा कोणाचेच नसते. गल्लीचा नळ पाहा. मी भाकरीचे तुकडे टाकत होतो. शेजारी काठी उगारत होते. काळ्या कुत्र्याला लस झाली आहे की नाही हे आम्हां दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. मी दयाळू आणि ते निर्दय असे कोणी म्हणेल. चावलेल्या मुलाच्या पोटरीच्या दृष्टीने आम्हां दोघांत काही फरक नव्हता. तुकडे टाकून अंगणाशी कुत्री गोळा करायची, त्यांची पिल्ले वाढू द्यायची, लस मात्र टोचायची नाही, ही माझी बावीस वर्षांची करुणा होती. दुसऱ्या टोकाला, याच शहरात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो तेव्हा बर्फाळ प्रदेशातील दाट केसांचा कुत्रा हौसेने विकत घेऊन त्याला कूलरपुढे बांधणारेही आहेत. तेही आपल्या परीने प्रेमच.

आमच्या पाळकसाहेबांना मी हे सारे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “शास्त्रात कुत्र्यांची बाजू फारशी भक्कम नाही, बरं का.” ते खरे आहे. आपल्या पवित्र शास्त्रात कुत्रा बहुतेक ठिकाणी अशुद्ध, उकिरड्यावरचा, नगराबाहेरचा. तोबीतच्या ग्रंथात एका तरुणाच्या प्रवासात त्याचा कुत्रा सोबतीला आहे, पण तो ग्रंथ आपल्यापैकी सर्वांच्या शास्त्रात नाही. लूकाच्या सोळाव्या अध्यायात दरवाजाशी पडलेल्या लाजरापाशी येणारी कुत्रीही रस्त्यावरचीच. श्रीमंताच्या घरातून मात्र कोणी बाहेर आले नाही.

आणि मग सोरच्या सीमेवरील ती परदेशी स्त्री. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू तिला मुलांच्या भाकरीविषयी आणि कुत्र्यांविषयी जे म्हणतो ते भाषांतर करताना प्रत्येक भाषांतरकाराचा हात कापतो. तेथे ‘कुओन’ हा नेहमीचा ग्रीक शब्द नसून ‘कुनारिओन’ हे त्याचे लघुरूप आहे. ते पिल्लू, की घरातले पाळीव जनावर, की त्या काळच्या बोलीत लघुरूपाला काही विशेष अर्थच उरलेला नव्हता, यावर विद्वानांचे एकमत नाही. मला मात्र त्या स्त्रीच्या उत्तराकडे पाहावेसे वाटते. ती शब्दावर भांडत नाही. ती त्या जनावराला मेजाखाली नेऊन बसवते. मेजाखाली म्हणजे घरात. तेथे मुलांच्या हातून चुरा पडतो. मुलांची भाकर कमी होत नाही आणि जनावर उपाशी राहत नाही. माझ्या शेजाऱ्यांनी मुलगा आणि कुत्रा यांतून एकाची निवड करायला सांगितले होते. ही परकी स्त्री निवड करायलाच तयार नाही. आमच्या बसस्थानकाच्या मेजाखाली हेच तर चालत होते. मेज उचलून नेले तेव्हा खालच्यांचा विचार कोणी केला नाही, एवढेच.

आपल्या महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली तेव्हा तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्या नामदेवांची आख्यायिका आपल्यापैकी कोणी ऐकलेली नाही? आपण ती ऐकतो, डोळे पुसतो, आणि भाकरीचे डबे बंद ठेवतो. शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातही थांबणारा मनुष्य परक्या वंशाचा निघाला. ग्रीक मजकुरात ‘शेजारी’ यासाठी ‘प्लेसिओन’ असा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ केवळ ‘जवळ’. यरीहोच्या वाटेने जाणारा याजक अंतराने जवळच होता. वाराणसीत ज्या गल्लीतून हजारो माणसे रोज जातात तेथे एक परदेशी स्त्री थांबली, तेव्हा जवळचे कोण आणि दूरचे कोण हे ठरवणे कठीण होऊन बसते. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात हरवलेल्या जनावराविषयी जो नियम आहे त्यात म्हटले आहे, की धनी जवळ नसेल अथवा ओळखीचा नसेल तर ते जनावर आपल्या घरी आणून ठेवावे. आणि टाळणाऱ्यासाठी तेथे जे इब्री क्रियापद आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘स्वतःला लपवणे’ असा होतो. नियमशास्त्र तशी लपण्याची मुभा देत नाही.

तरीही माझ्या मनात एक सल आहे, आणि तो आपल्या मंडळीच्या इतिहासातून आलेला आहे. समुद्रापलीकडून आलेल्या करुणेची चव आपण ख्रिस्ती लोक जितकी जाणतो तितकी फार थोडे जाणत असतील. रायपूरपासून काही कोसांवर असलेल्या विश्रामपूरला १८६८ मध्ये ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने काम उभारले. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि येथल्या कित्येक निराधार मुलींना घेऊन पुण्याकडे गेल्या; त्या मुलींच्या अन्नवस्त्रासाठी परदेशातून पैसा आला. त्या दुष्काळांतून जी लेकरे वाचली त्यांची नातवंडे-पतवंडे आज आपल्या मंडळ्यांत आहेत. दूरच्या करुणेला हौस म्हणून हसण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही. पण त्या काळच्या मिशनच्या मासिकांत अशा लेकरांची दोन चित्रे शेजारी शेजारी छापलेली मी पाहिली आहेत : आधीचे हाडांचे, नंतरचे पांढऱ्या फ्रॉकमधले. वाचवणाऱ्यांची ममता खरी होती. चित्रातल्या मुलीला मात्र तिच्या गावाचे नाव कोणी विचारले होते की नाही, ते त्या पानावर नसते. माणसांची गोष्ट जनावरांच्या गोष्टीशेजारी ठेवताना मला संकोच वाटतो, आणि वाटावा. तरी भुरीचे पट्टी बांधलेले व नंतर न्हाऊ घातलेले छायाचित्र मुलीने मैत्रिणींना पाठवले तेव्हा मला ती पाने आठवली, हे लपवण्यात अर्थ नाही.

भुरीचे गाव आहे. सकाळी सातला ती फाटकाशी उभी राहते, कारण दूधवाला तिच्याशी दोन शब्द बोलतो. दुपारी ती जुन्या फलाटाच्या दिशेला तोंड करून बसते. जर्मनीत तिला ऊब मिळेल, औषध मिळेल, वाहनाखाली मरण येणार नाही. तेथे ती रोज दोनदा पट्ट्याने बांधून फिरेल आणि उरलेला वेळ चौथ्या मजल्यावर एकटी बसेल, कारण मुलीला आठ तासांची पाळी असते. मी हे मुलीला फोनवर सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मला माहीत आहे, पप्पा. म्हणूनच मी पाळी बदलून मागितली आहे.” पाळी बदलल्याने तिचा पगार कमी होणार आहे. तेव्हा मला पहिल्यांदा वाटले, की हिने जाणण्याला सुरुवात केली आहे. ‘दत्तक’ हा शब्द मी आजवर रोमकरांच्या आठव्या अध्यायाबाहेर सहसा वापरत नसे. कुत्र्यासाठी तो ऐकला की कानाला खटकत असे. आता खटकणे थोडे कमी झाले आहे.

मार्चमध्ये आम्ही मोहल्ल्यातील काही जणांनी मिळून एका रविवारी उपासनेनंतर पशुवैद्यांना बोलावले. नसबंदीसाठी नगर निगमाकडे अर्ज दिला होता. लस तरी आपण टोचून घेऊ, असे ठरले. गल्लीतल्या मुलांकडून मी नावांची यादी केली : शेरू, लंगडी, मोती, बिस्किट, काळू. वर्गणीस काहींनी पैसे दिले, काहींनी दार उघडले नाही, आणि दोघांनी सांगितले की लस टोचण्यापेक्षा गाडीत घालून जंगलात सोडून या. शेजारचे व्यापारी आजोबा आले नाहीत. सव्वीस कुत्र्यांपैकी एकोणीस सापडली. काळू सापडेना. ज्याला लस होणे सर्वांत आवश्यक तोच नेमका नाही, म्हणून आम्ही उन्हात फिरत होतो. तेव्हा आजोबा आपल्या गच्चीवर आले, काही बोलले नाहीत, पण हाताने जुन्या तिकीट-खिडकीच्या मागच्या बाजूला खूण केली. काळू तेथे होता.

भुरीच्या रक्ताचा अहवाल चांगला आला आहे. तीन महिने पुरे व्हायला अजून सहा आठवडे आहेत. शेजाऱ्यांचा नातू आमच्या पडवीच्या पायरीपर्यंत येतो. त्याहून पुढे येत नाही. भाषांतर-समितीची बैठक पुढल्या महिन्यात आहे. त्या वचनाच्या पूर्वार्धासाठी मी समासात दोन पर्याय लिहून ठेवले आहेत, ‘काळजी घेतो’ आणि ‘जीव जाणतो’. उत्तरार्धासाठी अद्याप एकही नाही.